साखर मोजते कोण?

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत ‘विकरांची कार्ये लिहा’ असा प्रश्न आला की तुमची लेखणी झरझर चालू लागते. लाळेतील विकर पिष्टाची शर्करा करते, जठरातील पेप्सिन प्रथिनांचे विघटन करते, इत्यादी. उत्तर बरोबर असते, गुणही मिळतात. परंतु विकर म्हणजे केवळ अन्न फोडणारा मजूर, अशी समजूत त्यामुळे पक्की होते. माझ्या मते ही समजूत अपुरी आहे. काही विकरे मोजमापही करतात, आणि ते चुकले तर माणूस आजारी पडतो.

स्वादुपिंडाचेच उदाहरण घ्या. त्यातील बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. जेवणानंतर ते वाढले की बीटा पेशी इन्शुलिन सोडतात. ते उतरले की हात आखडता घेतात. पण साखर वाढली हे या पेशींना कळते कसे?

त्या साखर जाळून पाहतात! पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला प्रथम फॉस्फेट जोडले जाते. शरीरातील बहुतेक पेशींत हे काम हेक्झोकायनेज नावाचे विकर करते. थोड्याशा ग्लुकोजवरही ते जवळजवळ पूर्ण वेगाने चालते. म्हणून उपास आणि मेजवानी यांतला फरक त्याला कळत नाही. बीटा पेशींत मात्र ग्लुकोकायनेज असते. रक्तातील ग्लुकोज १४० ते १५० मिलिग्रॅमच्या आसपास पोचते, तेव्हा कुठे त्याचा वेग निम्मा होतो. साहजिकच साखर चढेल तसा त्याचा वेगही चढतो. ज्वलन वाढते, एटीपी वाढते. एटीपी वाढले की पेशीपटलावरील पोटॅशियमची दारे मिटतात, विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरते आणि साठवलेले इन्शुलिन रक्तात उतरते. नवे इन्शुलिन घडवण्याचा वेगही ग्लुकोजच्या ज्वलनामुळे वाढतो.

याला पुरावा काय, असे तुम्ही विचारायलाच हवे. मॅनोहेप्ट्युलोज नावाची एक शर्करा ही पहिलीच पायरी अडवते. ती दिली असता भोवती भरपूर ग्लुकोज असूनही बीटा पेशी इन्शुलिन सोडत नाहीत. म्हणजे नुसती साखर हा संदेश नव्हे. तिचे ज्वलन हा संदेश होय.

हे ज्ञान केवळ पुस्तकी नाही. काही कुटुंबांतील सौम्य मधुमेहाचे मूळ ग्लुकोकायनेजच्या जनुकातील दोषात आहे, हे १९९२ साली उघड झाले. अशा व्यक्तींची साखर जन्मापासून थोडी चढी असते, पण गर्भारपणाचा अपवाद सोडला तर त्यांना बहुधा औषध लागत नाही. हे न ओळखल्यास एखादे मूल वर्षानुवर्षे विनाकारण इन्शुलिन टोचून घेते. तसेच, काही नवजात बालकांचा मधुमेह पोटॅशियमच्या दारातील दोषाने होतो, हे २००४ मध्ये समजले. ती दारे बंद करणाऱ्या गोळ्या आधीपासून उपलब्ध होत्याच! त्यामुळे अशा अनेक मुलांची इंजेक्शने सुटली. अर्थात, असे निदान जनुकीय तपासणीनेच होते. मधुमेह असलेल्या कोणीही आपल्या मनाने औषध थांबवू नये.

शिक्षकांना माझी विनंती आहे की विकरांची यादी जरूर पाठ करून घ्यावी, पण ‘शरीराला हे कळते कसे?’ हा प्रश्नही वर्गात विचारावा. आणि मित्रांनो, गुरुजींनी तो विचारला नाही, तर तुम्हीच हात वर करा. बीटा पेशींचे कोडे याच प्रश्नातून सुटले आणि त्याचा लाभ त्या बालकांना झाला.