काखेतल्या कळशाची बाजू

एका गृहस्थांनी आम्हाला मागासलेले ठरवलं आहे, तेव्हा उत्तर देणं भाग आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ब्राह्मणपुरीला गावातल्या पोरांना आम्ही पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. चार जुने लॅपटॉप, एका मोबाइलचा हॉटस्पॉट, खिडकीबाहेर पपईची बाग. गृहस्थ शहरातून आले, दहा मिनिटं मागे उभे राहिले आणि निकाल देऊन मोकळे झाले: "काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायला लावता? अहो, भाषेसोबत फुकट येणारी साधनं म्हणजे आहेरातली भांडी. माळ्यावर असतात, स्वयंपाकाला कोणी काढत नाही. चांगला एडिटर घ्या, वर पंचवीस एक्स्टेन्शन टाका!"

त्यांचे मुद्दे तीन. कमांड पोरांना जड जातात, नोकरीत त्या कोणी विचारत नाही, आणि ही साधनं ओबडधोबड असतात. पहिल्याला उत्तर असं, की मोबाइलवरच्या खेळातल्या शंभर खुब्या ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांची काळजी गृहस्थांनी करू नये. दुसऱ्याला असं, की बाराव्या वर्षी पोरगं नोकरीला जात नाही.

तिसरा मुद्दा मात्र असा सुटणार नाही. एका पोरानं पपईच्या क्रेटच्या वजनांची बेरीज लिहिली होती: 18, 22, 20. पायथॉन 3 ला देवनागरी नावं चालतात, म्हणून त्यानं बेरजेचं नावच 'एकूण' ठेवलं होतं. उत्तर येत होतं 20. गृहस्थांच्या मार्गानं जायचं तर आधी एडिटर उतरवायचा, मग एक्स्टेन्शन, मग त्याचं अपडेट. तेवढ्यात वीज जाते, पाठोपाठ मोबाइलची रेंज जाते आणि डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून. आम्ही लिहिलं: पायथॉन -एम पीडीबी, पुढे फाइलचं नाव. पीडीबी म्हणजे पायथॉनसोबतच येणारी, प्रोग्रॅम ओळीओळीला थांबवून चूक शोधायची सोय. पोरगं 'एन' दाबत एकेक ओळ पुढे सरकलं. पहिल्या फेरीच्या शेवटी 'पी एकूण' विचारलं, 18. आणखी दोनदा 'एन', पुन्हा विचारलं, 0. "सर, हे दर खेपेला शून्य होतंय!" एकूण शून्य करणारी ओळ लूपच्या आत बसली होती. त्यानं ती उचलून वर नेली. 60. यात ओबडधोबड काय होतं, ते गृहस्थांनी एकदा दाखवावं.

पुस्तकं वाटायचीही अशीच सोय. एका लॅपटॉपवर धड्यांच्या फाइली ठेवायच्या, पायथॉन -एम एचटीटीपी डॉट सर्व्हर चालवायचं, की बाकीचे तिघं त्याच हॉटस्पॉटवरून ब्राउझरमध्ये धडे उघडतात. इंटरनेटचा एक एमबी खर्च होत नाही. ही सोय खऱ्या वेबसाइटसाठी नाही, असं पायथॉनचे दस्तऐवजच बजावतात. मान्य. ब्राह्मणपुरीत आम्ही बँक चालवत नाही.

इथे एक जुनं भांडण आठवतं. ओळ आत सरकवायची ती टॅबनं की स्पेसनं, यावर शहाण्यासुरत्या माणसांनी दिवस घालवलेले आम्ही पाहिले आहेत. आपल्याकडे शुद्धलेखनाचे नियम 1962 मध्ये ठरले, तरी ऱ्हस्व-दीर्घावरून मैत्री तुटते, त्यातलाच प्रकार. 2009 मध्ये जाहीर झालेली गो भाषा ओळींची मांडणी आपोआप लावणारं गोफम्ट सोबत घेऊनच आली. आज त्याला टॅब की स्पेस, असं विचारायची सोयच नाही. टॅब. विषय संपला.

आणि बाहेरून सगळं आणण्याच्या हौसेचं काय झालं? मार्च 2016 मध्ये लेफ्टपॅड नावाचं जावास्क्रिप्टचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या कर्त्यानं मागे घेतलं आणि जगभरच्या प्रकल्पांचे बिल्ड कोसळले. शब्दाच्या डावीकडे रिकामी जागा भरण्यापुरत्या अकरा ओळी, पण घरच्या म्हणून कोणाकडे नव्हत्या! पुढे 2022 मध्ये जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडनंही 18 व्या आवृत्तीत चाचण्या चालवण्याची सोय आत घेतली. शहाणपण उशिरा आलं, पण आलं.

अंगची साधनं कुजतातही, हे खरं. पायथॉननं 2024 च्या 3.13 आवृत्तीत 19 जुनी मॉड्यूल काढून टाकली. पण धान्याला कीड लागली तर ते पाखडतात, कणगी पेटवून देत नाहीत.

आमचं म्हणणं इतकंच. भाषा ज्यांनी घडवली त्यांनीच दिलेली साधनं आधी हाताळावीत. ती आवृत्तीशी जुळून येतात, एका लॅपटॉपवर शिकलेलं दुसऱ्यावर चालतं आणि चूक कुठे शोधायची हे पोराला कळतं. एडिटर नंतर खुशाल घ्या. त्यातल्या रंगीत बटणांखालीही बहुधा पायथॉनचीच ओळीओळीला थांबण्याची अंगभूत सोय राबत असते, हे गृहस्थांना कोणीतरी हळूच सांगा. पुढच्या मे महिन्यात ते पुन्हा आले, तर एक विनंती आहे: एडिटर पेनड्राइव्हवर घेऊन यावं. मागच्या खेपेला सुरू केलेलं डाउनलोड काही पुरं झालं नाही.