आजार कुणाला, सही कुणाची?

आमच्या आत्याबाईंच्या स्तनात गाठ निघाली. तपासणीत कर्करोग ठरला. डॉक्टरसाहेबांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "स्तन काढावा लागेल, इथे सही करा." आम्ही पेन उचलला. तेवढ्यात बाकावरून आत्याबाई म्हणाल्या, "आजार मला, अन् सही भाच्याची कशी?"

आम्ही ओशाळलो. त्या खचतील म्हणून रोगाचे नावही आम्ही लपवले होते. त्यांना ते केव्हाच कळले होते!

त्यांनी विचारले, "साहेब, दुसरा इलाज नाही का?" मग डॉक्टर नीट बोलू लागले. गाठ लहान आहे, तेवढाच भाग काढून पुढे किरणांचा शेक देता येईल. पण त्यासाठी काही आठवडे जवळजवळ रोज यावे लागेल.

इटलीतल्या मिलान शहरी डॉ. वेरोनेसी यांनी लहान गाठीच्या ७०१ स्त्रियांत हे दोन्ही उपचार तपासले. वीस वर्षांचा हिशेब २००२ साली प्रसिद्ध झाला. स्तन राखलेल्यांत त्याच जागी गाठ पुन्हा येण्याचे प्रमाण जास्त होते. पण जगण्यात फरक पडला नाही. अशा वेळी रोग डॉक्टरांना ठाऊक असतो, पण घरची अडचण पेशंटलाच ठाऊक. दोघे बोलले तरच निर्णय होतो.

आत्याबाईंच्या गावाहून दवाखाना दोन एसटी बदलून. शहरात राहायला जागा नाही. म्हणून त्यांनी स्तन काढायचे ठरवले आणि सही स्वतः केली. मोठ्या इस्पितळात समाजसेवकाकडे राहण्याच्या सोयीची चौकशी करता येते, कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते, हे आम्हाला मागाहून कळले. विचारले असते तर कदाचित त्यांनी वेगळे ठरवले असते. ही रुखरुख आमची आहे.

एका बाईला तपासणीसाठी भूल दिली असताना आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले गेले. त्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, सज्ञान रुग्णाची स्वतःची संमती हवी. आणि उपचार कोणता, फायदा काय, धोका काय, दुसरा मार्ग कोणता, हे तिला आधी सांगितले पाहिजे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, डॉक्टरांशी भांडू नका, पण गप्पही बसू नका. प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या. आणि ज्याचा आजार आहे, त्याला बाकावर बसवून ठेवू नका, आत न्या.