एकाच रक्ताचं दोनदा बिल

न्हावा शेव्याला मी कंटेनर रिकामे करतो. एक नग दोनदा मोजला तर टॅली क्लार्क बोंब मारतो. कंटेनरवर चार अक्षरं नि सात आकडे. एक आकडा चुकला की गाडी गेटवरच अडते. लोखंडी पेटीचा हिशेब इतका चोख. माणसाच्या रक्ताचा हिशेब मात्र कोणी विचारायचा नाही!

गेल्या महिन्यात आईचं रक्त तपासलं. डॉक्टरनं लिहून दिलं होतं दोनच गोष्टींचं, क्रिएटिनिन नि पोटॅशियम. लॅबच्या काउंटरवाल्यानं 'फुल बॉडी' पॅकेज गळ्यात मारलं. ढीगभर तपासण्या, एकच दर. माझ्या दोन दिवसांची हजेरी गेली. नि आता दर तीन महिन्यांनी हे करायचंय.

रिपोर्ट दोस्ताला दाखवला. आमच्याच चाळीतला, बी.एस्सी. झालेला. ऐरोलीत रात्रपाळी करतो. अमेरिकेतल्या पेशंटांच्या बिलांवर कोड टाकतो. तो पेन घेऊन बसला. 'युरिया' एक ओळ, 'बी.यू.एन.' दुसरी. चीज एकच. युरियाला 2.14 नं भागा, झालं बी.यू.एन. टोटल प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा, झालं ग्लोब्युलिन. त्या दोघांचा भागाकार ही आणखी एक तपासणी! टोटल बिलिरुबिनमधून डायरेक्ट वजा, झालं इनडायरेक्ट. गणित खोटं नाही, डॉक्टरला ते लागतंही. पण शाळकरी पोराची वजाबाकी तपासणी म्हणून विकायची, ही सरळ लबाडी आहे.

मी म्हटलं, तुमच्या अमेरिकेत चालतं का असं? तो म्हणाला, तिकडं साखर, मीठ, किडनी, लिव्हर मिळून चौदा तपासण्यांच्या गठ्ठ्याला एकच कोड आहे, 80053. चौदा सुट्या लावून बिल फुगवलं तर म्हाताऱ्यांचा सरकारी विमा पैसे नाकारतो.

अमेरिकेला साधू समजू नका. तिथल्या लॅबवाल्यांनीही डॉक्टरनं न मागितलेल्या तपासण्या गठ्ठ्यात घुसडून सरकारी तिजोरी लुटली. 1992 साली नॅशनल हेल्थ लॅबोरेटरीजला 11 कोटी 10 लाख डॉलर भरावे लागले. 1997 साली स्मिथक्लाइन बीचमला 32 कोटी 50 लाख. प्रत्येक तपासणीला कागदावर नाव नि नंबर असला, की चोरी पकडता येते.

आणि आपल्याकडं? दरपत्रक दर्शनी लावा, असं केंद्राच्या 2010 च्या कायद्याखालचे नियम सांगतात. महाराष्ट्रानं तो कायदा उचललाच नाही. 2021 साली राज्यानं नर्सिंग होमचे नियम सुधारले, दर लावायला सांगितले. नाक्यावरची सुटी लॅब त्यातून मोकळीच.

ऐरोली-महापेच्या रात्रपाळीवाल्या दोस्तांनो, तुमच्या आईबापांनी घमेली उचलून तुम्हाला शिकवलं. रात्रभर परक्याच्या रक्ताचा हिशेब लावता. एक रविवार वस्तीत बसा. लोकांच्या पावत्या वाचून दाखवा. डॉक्टरनं काय मागितलं, मशीननं काय मोजलं, कागदावर नुसतं काय भागलं, प्रत्येकाचा दर काय, हे चार सवाल बायाबापड्यांना शिकवा.

सुटा दर लिहिलेली पावती मागा. देत नसेल तर काउंटर सोडू नका. टॅली जुळल्याशिवाय आमची गाडी हलत नाही. आपणही हलायचं नाही.