झेंड्यावरचे चक्र आणि पाड्यावरचा हंडा

पंधरा ऑगस्टला पोशेऱ्यात झेंडावंदन झाले की मुले आम्हाला हमखास विचारतात, "मधले चाक कशाचे?" कुणीतरी मोठा माणूस सांगून टाकतो, "प्रगतीचे." मित्रांनो, हे उत्तर अपुरे आहे.

जून १९४७ मध्ये नेमलेल्या ध्वज समितीत बाबासाहेब सदस्य होते. २२ जुलैला संविधान सभेने तिरंगा स्वीकारला, तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चक्र आले. २६ जानेवारी १९५० ला त्याच स्तंभाचे सिंह राजमुद्रा झाले. सारनाथ म्हणजे तथागतांच्या पहिल्या उपदेशाची भूमी.

हा वारसा आपल्यापासून दूर नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात सम्राट सांगतो की, आधीचे राजे मौजेसाठी शिकारीला निघत. आपण धम्मयात्रेला निघतो, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटतो. आमच्या मते चक्राचा अर्थ हाच : राज्याने लोकांच्या दारी जायचे.

आता दक्षिण आफ्रिकेकडे पाहा. तिथे १९२८ पासूनच्या झेंड्यात गोऱ्या सत्तांचे तीन छोटे झेंडे होते, काळ्या बहुसंख्यांची खूणही नव्हती. १९९४ मध्ये तो उतरला. २००० साली नवी राजमुद्रा आली. तिच्यावर सान आदिवासींच्या शैलचित्रातून घेतलेली माणसे आहेत आणि ब्रीदवाक्य सानांच्याच एका भाषेत आहे : वेगवेगळ्या लोकांनो, एक व्हा. पण ती भाषा बोलणारे आज कुणी उरलेले नाही. वसाहतवाल्यांनी त्यांची जमीन घेतली, कत्तली केल्या. सन्मान पोचला, तोवर बोलणारे संपले होते.

आपल्याकडे काय चालले आहे? वारली चित्रे सरकारी भिंतींवर दिमाखात झळकतात. वारली कुटुंबे मात्र दिवाळीनंतर वीटभट्टीची वाट धरतात. मध्य वैतरणा धरण मोखाड्यात, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर हंड्यांची रांग!

काही कार्यकर्ते म्हणतात, चिन्हांचे सोडा, पोटाचे बोला. पण ज्या बाबासाहेबांनी १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेच ध्वज समितीतही बसले. मान आणि पाणी या दोन लढाया नाहीत.

म्हणून पुढच्या झेंडावंदनाला मुलांना सोपाऱ्याची गोष्ट सांगा. आणि त्यानंतरच्या ग्रामसभेत पाणी, रोजगार हमी, वनहक्काचे दावे हे विषय लेखी मांडा. चक्र फिरायचे ते तिथून.

जय भीम! जय संविधान!