दरोडेखोराचें चरित्र कोणीं लिहावें?

खऱ्या गुन्ह्यांच्या कथांची आवड आमच्या सुशिक्षित घरांत अलीकडे फार वाढली आहे. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं घरोघर पडद्यावर कोणाचा तरी खून होतो; प्रवासांत कानाला यंत्र लावून लोक दरोड्यांचीं वर्णनें ऐकतात; आणि पुस्तकांच्या दुकानांत फांसावर गेलेल्या माणसांचीं चरित्रें संतचरित्रांच्या शेजारीं मांडलेलीं दिसतात. या आवडीला नाकें मुरडणारा एक वर्ग आहे. त्याच्या मतें असलें वाङ्मय वाचून मुलें बिघडतात. आम्हांस हा आक्षेप खरा वाटत नाहीं. मुलें पुस्तकांनींच बिघडत असतीं, तर ज्या घरांत एकहि पुस्तक नाहीं तेथें सारे साधुपुरुषच निपजले असते! आमची तक्रार निराळी आहे. हें वाङ्मय एकतर्फी आहे, आणि त्याच्या एकतर्फीपणाची किंमत लेखकाला किंवा वाचकाला न पडतां भलत्याच माणसाला द्यावी लागते, एवढ्यासाठीं आम्हीं ही लेखणी उचलली आहे.

आमचें म्हणणें पटण्यास फार लांब जाण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या दक्षिणेस कात्रजपर्यंत गेलें तरी पुरे. आज कात्रज म्हणजे पुणें शहराचाच एक भाग. बसगाड्यांचें आगार, दुधाची डेअरी, प्राणिसंग्रहालय आणि डोंगर पोखरून काढलेला बोगदा, एवढ्यांत त्याची ओळख संपते. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं येथील तलावाचें पाणी नळानें शहरांत आणलें, हें शाळेंत सांगतात. सन १६६३ मध्यें लाल महालावरील छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोंगलांच्या फौजेला कात्रजच्या घाटाकडे चकविलें, ही परंपरागत कथा तर लहान मुलांनाहि पाठ असते. परंतु हा घाट आणखी एका अर्थानें महत्त्वाचा आहे, आणि तो अर्थ कोणी सांगत नाहीं. हा घाट म्हणजे एक सीमा होती. अलीकडे शहर, कचेरी, दफ्तर आणि तुरुंग. पलीकडे शिवगंगेचें खोरें, पुरंदरचे डोंगर आणि पुढें भोर संस्थानची हद्द. ज्याच्याविषयीं लिहिलें जाई तो पलीकडे राही. लिहिणारा मात्र सदैव अलीकडे बसे.

त्या पलीकडच्या मुलुखांतलें सर्वांत प्रसिद्ध नांव म्हणजे पुरंदर तालुक्यांतील भिवडी गांवचा उमाजी नाईक. त्याचा जन्म सन १७९१ चा. रामोशी ही गांवाची व गडाची राखण करणारी जात. चोरी झाली तर माग काढावा, चोर न सांपडला तर नुकसान भरून द्यावें, आणि या जोखमीबद्दल गांवाकडून ठरलेला हक्क घ्यावा, अशी जुनी रीत होती. विम्याची कल्पना इंग्रजांनीं येथें आणली अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं या रीतीचा थोडा विचार करावा. पेशवाईच्या अखेरीस पुरंदरची राखण या लोकांच्या हातून गेली. सन १८१८ नंतर इंग्रजी अंमल बसला, आणि उरल्यासुरल्या नेमणुकांनाहि कात्री लागली. ज्याला पिढ्यान् पिढ्या डोंगरवाटांची राखण करावयास शिकविलें, त्याची भाकर काढून घेतली. वाटांचें ज्ञान मात्र कोणाला काढून घेतां आलें नाहीं. मग पुढें जें व्हावयाचें तें झालें.

उमाजीनें लुटी केल्या, खंडण्या घेतल्या, त्याच्या टोळीच्या हातून माणसेंहि मेलीं. हें आम्ही लपवीत नाहीं, आणि कोणी लपवूंहि नये. सरकारनें त्याच्यावर फौजा घातल्या, जाहीरनामे काढले, बक्षिसें लावलीं. मध्यंतरीं तर त्याला माफी देऊन बंदोबस्ताच्याच कामीं नोकरीस ठेवलें! म्हणजे जो हक्क आधीं काढून घेतला, तोच बंडाची भीति पडतांच उपकार म्हणून परत केला. सन १८३० च्या अखेरीस तो पुन्हां उठला. १८३१ च्या डिसेंबरांत भोरजवळ उत्रौलीस तो सांपडला, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यांत त्याला फांसावर चढविलें.

येथपर्यंतची हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. यापुढील गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. उमाजीच्या पाठलागावर असलेला कॅप्टन मॅकिंटॉश यानें दुसऱ्याच वर्षीं, सन १८३३ मध्यें, मुंबईस एक पुस्तक छापून काढलें. त्याचा विषय रामोशी जमातीची उत्पत्ति आणि सद्यःस्थिति. आणि त्याच पुस्तकांत उमाजी नाईकाचें चरित्र. ज्यानें शिकार केली त्यानेंच मृत जनावराचें वर्णन लिहिलें. आणि पुस्तकाची बांधणी तरी पाहा! एका माणसाचा गुन्हा आणि एका सबंध जमातीची उत्पत्ति एकाच पुठ्ठ्यांत शिवून टाकलीं. मिठाची चोरी करणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्यावर पुस्तक लिहितांना त्याच्या साऱ्या जातीचा उगम शोधण्याची बुद्धि कोणास होत नाहीं. ती डोंगरांतल्या माणसाबद्दलच होते.

हा प्रकार आमच्याकडेच घडला असें नाहीं. अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ माळरानांवर जेव्हां नुकती वस्ती होत होती आणि कायद्याचा हात पुरता पोंचला नव्हता, तेव्हां ‘बिली द किड’ या नांवानें गाजलेला एक तरुण लुटारू होता. सन १८८१ च्या जुलैंत शेरिफ पॅट गॅरेट यानें त्याला गोळी घातली, आणि १८८२ मध्यें त्याच गॅरेटच्या नांवानें बिलीचें ‘अस्सल’ चरित्र बाजारांत आलें. मारणाराच चरित्रकार, आणि त्याचेंच चरित्र अस्सल! सीमेवरच्या मुलुखांत कायदा उशिरां पोंचतो, परंतु छापखाना मात्र पकडणाऱ्याच्या बाजूनें वेळेवर हजर असतो, असें दिसतें.

मॅकिंटॉशवर आमचा राग आहे असें मात्र कोणी समजूं नये. उलट आम्ही त्याचे ऋणी आहों. त्यानें निदान पाहिलें, विचारलें, लिहून ठेवलें. आमचा प्रश्न आमच्याच लोकांना आहे. त्या वेळीं पुण्यांत शास्त्री होते, पंडित होते, बखरी लिहिणारे कारकून होते. घाटापलीकडे आपल्याच भाषेंत बोलणारा एक माणूस कां उठला, हें त्याच्या आप्तांना विचारून लिहून ठेवावें असें त्यांतल्या कितीजणांना वाटलें? परक्यानें लिहिलें म्हणून आम्हांस उमाजी कळला. आमच्या लेखणीवर भरंवसा ठेवला असता तर तोहि कळला नसता.

लेखणीचें बळ केवढें असतें याचा दुसरा दाखला सन १८७९ चा. वासुदेव बळवंत फडके यांनीं याच मुलुखांतील रामोशी जमवून सरकारविरुद्ध उठाव केला. शिरूरकडील धामारीस त्यांनीं दरोडा घातला, तो वर्णनांत उमाजीच्या दरोड्यांहून फारसा निराळा दिसणार नाहीं. परंतु फडके सैनिकी हिशेबाच्या कचेरींत कारकून होते. त्यांना लिहितां येत होतें, आणि आपण हें कां केलें तें त्यांनीं स्वतः लिहून ठेवलें. तें लिखाण सरकारच्या हातीं सांपडून खटल्यांत त्यांच्याविरुद्ध पुरावा झालें खरें. पण त्याच लिखाणामुळें त्यांचा हेतु काळाच्या उदरांत गडप झाला नाहीं. एडनच्या तुरुंगांत १८८३ मध्यें त्यांचा अंत झाला, आणि देशानें त्यांना वंदन केलें. तें योग्यच झालें. पण त्यांच्या खांद्याला खांदा लावून जे रामोशी लढले व मेले, त्यांचीं नांवें किती वाचकांस सांगतां येतील? एकाच दरोड्यांत जो लिहूं शकला तो क्रांतिकारक ठरला. ज्यांना लिहितां आलें नाहीं ते ‘टोळीचे लोक’ राहिले.

आतां कोणी म्हणेल, या जुन्या हिशेबांचें आज काय? आज काय, तें ऐका. ज्या सालीं फडके पुण्यांत बंडाचे बेत करीत होते त्याच्या आठ वर्षें आधींच, सन १८७१ मध्यें, हिंदुस्थान सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. आरंभीं तो उत्तरेकडे लागू झाला. १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यांतहि आणतां आला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली कीं तिच्यांतील माणसांचीं नांवें नोंदवावयाचीं, त्यांनीं हजेरी द्यावयाची, परवानगीवांचून हद्द सोडावयाची नाहीं. मुलांना आईबापांपासून वेगळें ठेवण्याची तरतूदहि त्यांत होती. आणि त्या जाहीरनाम्याची सत्यता कोणत्याहि न्यायालयानें तपासूं नये, असें कायद्यानेंच सांगितलें होतें! सोलापुरास तारेच्या कुंपणाआड अशा लोकांची वसाहत होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं देशभर रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत आज ज्या चौदा जाती आहेत, त्यांत रामोशी एक आहे. कायदा गेला, पण संशयाची संवय गेली नाहीं. लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ हें आत्मचरित्र १९८७ सालीं प्रसिद्ध झालें, त्याला पुढें साहित्य अकादमीचा पुरस्कारहि मिळाला. तें ज्यांनीं वाचलें असेल त्यांना या वाक्याची फोड करून सांगण्याची जरुरी नाहीं.

मॅकिंटॉशच्या एका पुस्तकानें हा कायदा जन्मास घातला, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एकाचा गुन्हा वाचून सर्वांची जात ओळखण्याची जी संवय असल्या पुस्तकांनीं लावली, त्या संवयीवरच असला कायदा उभा राहतो. वाचकाच्या मनांत आधीं हजेरीपट तयार होतो. चावडीवरचा नंतर येतो.

या संवयीची परीक्षा करावयाची असेल तर घाटाच्या अलीकडचा एक खटला घ्यावा. सन १९७६ आणि १९७७ मध्यें पुणें शहरांत दहा माणसांचे खून झाले; जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून तो आजहि ओळखला जातो. खुनी तरुण शहरांतल्या एका कलाशाळेचे विद्यार्थी होते. त्यांतील चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्यास फांशी झाली. त्या खुनांनंतर कलाशाळेंत शिकणाऱ्या मुलांची ‘उत्पत्ति व सद्यःस्थिति’ कोणीं छापली नाहीं. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना कोणीं पिढीजात गुन्हेगार ठरविलें नाहीं. चार माणसांनीं गुन्हा केला, चार माणसांना शिक्षा झाली. बाकीचे सुखानें चित्रें काढीत राहिले. हाच खरा न्याय! आमचें मागणें एवढेंच, कीं भांडारकर रस्त्यावरच्या गुन्ह्याला जो न्याय लावला तोच पुरंदरच्या डोंगरांतल्या गुन्ह्यालाहि लावावा.

आणि याच खटल्यांत या वाङ्मयाचें दुसरें पाप उघडें पडतें. त्या खुन्यांचीं नांवें पुण्यांतल्या पुष्कळ घरांत आजहि तोंडपाठ आहेत. त्यांनीं काय केलें, कसें केलें, पकडले कसे गेले, हें चवीनें सांगणारे हवे तितके भेटतात. पण त्यांनीं मारलेल्या पांच जणांच्या एका घरांत काशीनाथशास्त्री अभ्यंकर होते. संस्कृत व्याकरणाचा त्यांचा इंग्रजी कोश १९६१ सालीं बडोद्याहून प्रसिद्ध झाला होता, आणि व्याकरणाचे अभ्यासक अजूनहि तो उघडतात. हें कथा सांगणाऱ्या किती जणांस माहीत असतें? त्याच घरांत घरकाम करणारी एक बाईहि मारली गेली. तिच्याविषयीं कोणीं दोन ओळी लिहिल्याचें वाचकांस आठवतें काय? खुन्याला नायक करावयाचा म्हटला कीं मेलेल्याला सामान व्हावें लागतें.

आमच्यावर असा आक्षेप येईल, कीं तुम्ही दरोडेखोरांची बाजू घेतां. मुळींच नाहीं. अलीकडे उमाजीचे पुतळे उभारले जातात, जयंत्या होतात. त्याचा आम्हांस विषाद नाहीं. दीडशें वर्षें चोर म्हणून हिणविलेल्या माणसाला मान मिळाला, तर त्यांत वाईट तें काय? परंतु हार घालणें हीहि कधीं कधीं न वाचण्याचीच एक युक्ति असते. राक्षस म्हणून टाकून दिलें काय किंवा देव म्हणून मखरांत बसविलें काय, दोन्ही प्रकारीं माणसाची विचारपूस टळते. ज्या गरीब गांवकऱ्याचें घर लुटलें गेलें तो राक्षसाच्या कथेंत केवळ किंचाळण्यापुरता येतो. देवाच्या कथेंत तर तोहि येत नाहीं.

म्हणून खऱ्या गुन्ह्याची कथा लिहिणाऱ्यास आमचे तीन प्रश्न आहेत. गुन्हा करण्यापूर्वीं त्या माणसापासून काय हिरावून घेतलें गेलें, हें तुम्हीं विचारलें काय? ज्याचा जीव किंवा घर गेलें तो कोण होता, हें तुम्हीं लिहिलें काय? आणि फांसाचा दोर कापल्यावर त्याच्या गांवच्या, त्याच्या जातीच्या निरपराध माणसांचें पुढें काय झालें, तेथपर्यंत तुमची कथा जाते काय? या तिन्हीं प्रश्नांचीं उत्तरें ज्या पुस्तकांत असतील तें आम्ही मुलांच्या हातीं बेधडक देऊं. ज्यांत एकाचेंहि नसेल, त्याला चरित्र म्हणण्याऐवजीं शिकाऱ्याच्या दिवाणखान्यांतलें मुंडकें म्हणावें.

कात्रजचा घाट आतां बोगद्यांतून चार मिनिटांत ओलांडतां येतो. इतक्या लवकर ओलांडल्यामुळें पलीकडे कोणी राहत होतें, याचाहि विसर पडतो. ज्यांच्या पूर्वजांनीं या डोंगरांची राखण केली, त्यांचींच मुलें आज लिहूं वाचूं लागलीं आहेत. उमाजीचें चरित्र आतां तीं लिहितील. तें आमच्या अंगावर कांटा आणणार नाहीं, कदाचित् मान खालीं घालावयास लावील. वाचकांनीं तें विकत घेऊन वाचावें, एवढीच आमची विनंति आहे.