आधी शेतकरी, मग कैदी?

आमच्या वाशीममध्ये एक सद्गृहस्थ आहेत. कारागृहातल्या बंद्यांच्या मनावरच्या जुन्या आघातांवर उपचार व्हावेत, असा विषय निघाला की ते उसळून उठतात. म्हणणं असं : ज्यांनी दुसऱ्यांची घरं उद्ध्वस्त केली त्यांचे लाड कशाला, ते सगळं सोंग असतं, आणि इथे शेतकरी फास घेतोय, आधी त्याचं बघा.

पहिल्या दोन मुद्द्यांना फार शाई नको. 2022 अखेर देशातल्या दर चार बंद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते. कोर्टाचा निकाल यायचाय, गृहस्थांचा लागून गेलाय. राहिलं सोंग. त्याच वर्षी देशातल्या तुरुंगांत 119 बंद्यांनी आत्महत्या केली. सोंग चांगलंच वठलं म्हणायचं.

तिसरा मुद्दा मात्र मला सोडवत नाही. 2015 साली 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, त्यात वाशीम होता. आशाताईंनी घरोघरी विचारपूस करायची, खचलेला माणूस दिसला की त्याला रुग्णालयापर्यंत पोचवायचं, अशी ती योजना. तेव्हा हेच गृहस्थ पारावर सांगत, “सोयाबीनला भाव द्या, समुपदेशन काय चाटायचंय?” भावाचं त्यांचं खरंच होतं, आजही आहे. पण तेव्हा जे शेतकऱ्यासाठी फुकाचं होतं, तेच आता कैद्याने शेतकऱ्याच्या ताटातून पळवलेला घास कसं झालं? आणि हा कैदी येतो कुठून? रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरच्या शिवारातूनच ना? धुऱ्याच्या भांडणात कुऱ्हाड उचलणाऱ्याचं नाव आत गेल्यावर सातबाऱ्यावरून उडत नाही. लहानपणी बापाला लिंबाच्या फांदीवरून उतरवताना ज्याने पाय धरले, ते पोरगं पुढे दारूत, मारामारीत वाहत जाऊन बराकीत पोचलं आणि रात्री दचकून उठायला लागलं, तर त्याला गृहस्थ कोणत्या रांगेत उभं करणार? शेतकऱ्याच्या, की कैद्याच्या? आशाताई त्या घरी वेळेवर पोचली असती तर, हा प्रश्न मी त्यांना घालत नाही. ते पुन्हा सोयाबीनवर येतील.

कैद्याला माणूस म्हणून वागवायची कल्पनाही नवी नाही. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत काढली, त्या प्रयोगावरून 1957 चा ‘दो आंखें बारह हाथ’ निघाला. तो पाहताना गृहस्थांना रडू आवरत नाही. पडद्यावरचे कैदी त्यांना चालतात.

कायद्याचं म्हणाल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक राज्यातल्या किमान एका तुरुंगात मानसोपचाराची सोय करायला सांगितलंय. तुरुंगातल्या डॉक्टरांनाही त्याचं प्राथमिक प्रशिक्षण हवं, असंही त्यात आहे. राज्यात एक! वाशीमच्या बंद्याने तिथवर जायचं कसं?

म्हणून माझी मागणी बेताची आहे. जिल्हा रुग्णालयातला मानसतज्ज्ञ आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी आत यावा. शिपायाने लक्ष ठेवावं, पण बोलणं कानावर पडणार नाही इतक्या अंतरावरून. सांगितलेलं पोलिसांच्या कागदात उतरू नये. मानोऱ्याच्या तांड्यावरच्या माणसाला त्याच्या गोरमाटी बोलीत बोलता यावं. यातून शिक्षेचा एक दिवसही कमी होत नाही, गृहस्थांनी निश्चिंत असावं. आणि जामीन झालेल्याच्या हातात पुढच्या ओपीडीची चिठ्ठी असावी, नाहीतर फाटकाबाहेर पडताच उपचार तिथेच तुटतात.