वाढ्यांनी पोट भरते, कॅल्शियम मात्र जाते

पावसाने दडी मारली की धाराशिव जिल्ह्यात आधी कडबा महागतो, मग दावणीला उसाचे वाढे येतात. २०१८-१९च्या दुष्काळात चारा छावण्यांतली जनावरे महिनोन्महिने ऊस आणि वाढ्यांवरच जगली. छावणीत हिशेब होतो तो मुख्यतः किलोचा. चाऱ्यात आहे काय, हे कोण विचारतो?

वाढ्यांत प्रथिने कमी आणि ऑक्झॅलेट भरपूर. हे ऑक्झॅलेट पोटात कॅल्शियमला धरते. त्याचा न विरघळणारा क्षार होऊन तो शेणावाटे निघून जातो. लिटरभर दुधात साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे दहा लिटरची गाय रोज १२ ग्रॅम नुसत्या दुधातूनच देते. चाऱ्यातून भरपाई झाली नाही, तर ते हाडांतून निघते. दूध आटते, गाय वेळेवर माजावर येत नाही, आणि दोष सरसकट दुष्काळाला दिला जातो.

वाढे बंद करा म्हणणे सोपे आहे; मे महिन्यात परंड्यात दुसरे असते काय? पण कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडता येते. ऑक्झॅलेट मग त्या चुन्यातच अडकते. सोबत क्षार मिश्रण आणि थोडा कडबा किंवा सोयाबीनचे भुसकट द्यावे. उपाशी जनावरापुढे एकदम वाढ्यांचा ढीग टाकू नये. पोटातल्या जिवाणूंना ऑक्झॅलेट पचवायची सवय हळूहळू लागते.

नुकती व्यायलेली गाय मान कुशीकडे वळवून बसली, तर थांबू नये. पशुवैद्यकाकडून वेळेत शिरेतून कॅल्शियम मिळाले, तर ती बहुधा उठते.